देवाची इच्छा ओळखताना बोलायचं कुणाशी, आणि कधी?

नगरची_लेक
सगळ्यांना सलाम.

आमच्या घरात महिनाभर एकच विषय चालू आहे, म्हणून हा धागा काढतेय. माझा धाकटा भाऊ बँकेत कायम नोकरीला आहे. लग्न झालंय, मुलगी शाळेत जाते. त्याने अचानक जाहीर केलं की प्रभूने त्याला पूर्णवेळ सेवेसाठी बोलावलंय, तेव्हा नोकरी सोडून तो सेमिनरीला, म्हणजे पाळक होण्याचं शिक्षण घ्यायला जाणार. त्याच्या पाचारणावर मला शंका घ्यायची नाही. आमच्या आजोबांनी पायी गावोगाव हिंडून सुवार्ता सांगितली, त्याच घरात आम्ही वाढलो. मला खटकतंय ते वेगळंच. हे ठरवताना तो बायकोशी बोलला नाही, पाळकसाहेबांशी बोलला नाही. कुणी काही विचारलं की एकच उत्तर, "देवाने सांगितलंय, आता माणसांना काय विचारायचं?"

माझं मत स्पष्ट आहे. देव एकांतात बोलतो, पण एकांतात ऐकलेलं चारचौघांत पारखून घ्यावं लागतं. प्रेषितांच्या कृत्यांचा १५वा अध्याय बघा. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करायची की नाही, यावर जेरुसलेममध्ये सभा बसली. पुष्कळ वादविवाद झाला असं तिथे लिहून ठेवलंय. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौलाने काय काय घडलं ते सांगितलं, याकोबाने शास्त्र लावून दाखवलं. आणि मग पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हांला असं योग्य वाटलं. आधी मोकळेपणी वाद, मग आत्म्याचं नाव घेऊन निर्णय.

तुमच्या घरात, मंडळीत हे कसं होतं? पटत नसेल तर तेही लिहा.

केडगाव_परिसर
चांगला विषय. वाचतेय.

आत्म्याने_चालतो
ताई, मी तुमच्या भावाच्या बाजूने. गलतीकरांस पत्र १:१६ वाचा. देवाने पुत्राला प्रकट केल्यावर पौलाने कुठल्याही माणसाची मसलत घेतली नाही, जेरुसलेमला प्रेषितांकडे गेला नाही, थेट अरबस्तानात गेला. अब्राहामाने इसहाकाला घेऊन निघताना सारेला विचारल्याचं कुठे लिहिलंय? नोहाने गावाचं मत घेतलं असतं तर तारू बांधून झालंच नसतं. आपल्या मंडळ्यांमध्ये कितीतरी जणांची पाचारणं या विचारविनिमयातच विझली. "आधी मुलीचं शिक्षण होऊ दे", "आधी घराचे हप्ते फिटू दे". माणसं काळजीपोटी बोलतात हे मान्य, पण काळजी म्हणजे देवाची वाणी नव्हे.

निवृत्त_पाळक
@आत्म्याने_चालतो, तुमचं वचन बरोबर आहे, पण एक पान उलटा. पुढच्याच अध्यायात पौल सांगतो की चौदा वर्षांनी तो जेरुसलेमला गेला आणि आपण गाजवत असलेली सुवार्ता तिथल्या प्रमुख लोकांपुढे एकांतात मांडली. कशासाठी? आपली धाव व्यर्थ तर नाही ना, हे पाहण्यासाठी. आणि गेला कसा, तर प्रकटीकरण झालं म्हणून गेला. म्हणजे देवानेच त्याला माणसांशी बोलायला पाठवलं.

त्याचं पाचारणसुद्धा एकट्याचं नव्हतं. दिमिष्काच्या वाटेवर प्रत्यक्ष प्रभू बोलला, तरी काय करायचं ते तिथे सांगितलं नाही. "गावात जा, तिथे तुला कळेल," एवढंच. तीन दिवस आंधळा, उपाशी बसला. मग हनन्या आला, "भाऊ शौल" (पौलाचं दुसरं नाव) म्हणाला, डोक्यावर हात ठेवले, तेव्हा दृष्टी आली. प्रभूला हनन्याची गरज नव्हती, शौलाला होती. शमुवेलाचंही तेच. देव हाक मारतोय आणि पोरगं एलीकडे धावतंय. एलीने ओळखलं ही हाक कुणाची, तेव्हा शमुवेल नीट उत्तर देऊ शकला. त्या एलीचं स्वतःच्या घरावर काही चालत नव्हतं, दृष्टी मंद झाली होती, तरी ही एक गोष्ट त्याच्याच तोंडून यायची होती.

पाळक म्हणून अनेक तरुण माझ्याकडे आले. "मला पाचारण झालंय" म्हणणाऱ्याला मी प्रथम विचारायचो, "हे तू आणखी कुणाला सांगितलंस?" एकालाही सांगितलं नसेल तर त्याला आधी मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांकडे पाठवायचो. परवानगी मागायला नव्हे. मोठ्याने बोलताना माणसाला स्वतःचंच म्हणणं पहिल्यांदा ऐकू येतं.

सोपारकर
आमच्या कॅथलिक परंपरेतून थोडं. वसईत आमच्याकडे तरुणांच्या शिबिरांत संत इग्नेशियस लोयोलाची मननं होतात, त्यामुळे हा प्रश्न जवळचा आहे.

१५३९ मध्ये रोममध्ये इग्नेशियस आणि त्याचे मोजके सोबती एकत्र जमले. प्रश्न असा की आपण एक संघ म्हणून राहायचं का, आणि आपल्यातल्याच एकाच्या आज्ञेत राहण्याचं व्रत घ्यायचं का. सगळे शिकलेले, सगळे प्रार्थनेत मुरलेले, आणि तरी एकमत होईना. तेव्हा त्यांनी एक शिस्त लावून घेतली. दिवसभर आपापली कामं, त्यात प्रार्थना. एकमेकांना पटवत फिरायचं नाही. प्रत्येकाने आपण या गटाबाहेरचे आहोत असं समजून विचार करायचा. मग एके दिवशी प्रत्येकाने फक्त विरुद्ध बाजूची कारणं सांगायची, मनातून बाजूने असला तरी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी फक्त बाजूची कारणं. असं आठवडेच्या आठवडे चाललं आणि शेवटी कुणाचाही विरोध उरला नाही. पुढच्या वर्षी पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली, तोच येशूसंघ.

त्या खोलीत फ्रान्सिस झेवियरही होता. आपल्या गोव्यात ज्याचे अवशेष आहेत तोच. त्याचं गोव्याला येणं कसं ठरलं तेही या धाग्याचंच उदाहरण आहे. पाठवायचं होतं त्यांच्यातल्याच बोबादिल्याला. तो आजारी पडला. इग्नेशियसने झेवियरला बोलावून विचारलं आणि तो तयार झाला. ना दृष्टान्त, ना स्वप्न. मित्राचं आजारपण आणि दुसऱ्या मित्राचा प्रश्न. १५४२ मध्ये तो गोव्यात उतरला.

कोकणी_वाचक
मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनापासून वाचतोय. आमच्याकडे सिंधुदुर्गात मोठा निर्णय असला की ग्रामदेवतेला कौल लावतात. पाषाणाला तांदूळ किंवा कळ्या लावायच्या, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गावाचे मानकरी समोर असतात, गुरव गाऱ्हाणं घालतो. म्हणजे प्रश्नसुद्धा सगळ्यांदेखत मोठ्याने मांडावा लागतो. तुमच्यात असं काही आहे का? देवाने थेट हो-नाही सांगावं असं?

निवृत्त_पाळक
@कोकणी_वाचक, छान प्रश्न. आहे. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची निघाली. पण तिथेही आधी पेत्र बोलला, मंडळीने दोन माणसं पुढे केली, प्रार्थना केली, मग चिठ्ठी. आणि पेन्टेकॉस्टला पवित्र आत्मा उतरल्यानंतर प्रेषितांनी पुन्हा चिठ्ठी टाकल्याचं नव्या करारात कुठे दिसत नाही. अंत्युखियात बर्णबा आणि शौलाला पाठवायचं ठरलं तेव्हा मंडळी उपास करून उपासना करत होती, आत्मा बोलला, आणि सगळ्यांनी मिळून हात ठेवले.

युरोपातल्या मोरेव्हियन मंडळीत मात्र अठराव्या शतकात चिठ्ठीला फार मोठी जागा होती, लग्नंसुद्धा चिठ्ठीने मान्य व्हायची. १८१८ च्या त्यांच्या सिनॉडने (मंडळीच्या मोठ्या सभेने) सामान्य सभासदांच्या लग्नासाठी ती सक्ती काढली. त्या लोकांची श्रद्धा खरी होती, जगाच्या टोकापर्यंत मिशनरी पाठवणारी मंडळी ती. पण माझं मत असं की चिठ्ठी उत्तर देते, माणसाला मोठं करत नाही. देवाला मुलं हवी आहेत, आणि मुलं बापाशी बोलून बोलून त्याचं मन ओळखायला शिकतात.

कोकणी_वाचक
धन्यवाद काका. गाऱ्हाण्याबद्दल मला अजून लिहायचंय, पण तुमचा धागा भलतीकडे जाईल. वेगळा काढतो.

हडपसरची
बोलण्याचं एवढं कौतुक चाललंय तर दुसरी बाजूही लिहिते. मी कॉलेजात असताना एका प्रार्थनागटात जायचे. तिथल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की अमुक मुलाशी माझं लग्न व्हावं ही प्रभूची इच्छा आहे, तसं त्यांना दाखवण्यात आलंय. गटातले सगळे "आमेन" म्हणाले. मी नाही म्हटलं तर तो देवाला नकार ठरणार. आठवडाभर जेवण गेलं नाही. शेवटी आईला सांगितलं. आई फार शिकलेली नाही. ती म्हणाली, "देवाला तुझ्याशी बोलायचंय तर तुझा पत्ता त्याला ठाऊक आहे." एवढ्या एका वाक्याने मी मोकळी झाले.

१ राजे १३ मध्ये यहूदा देशाहून आलेल्या देवाच्या माणसाची गोष्ट आहे. देवाने त्याला स्वतः सांगितलं होतं, तिथे जेवायचं नाही, पाणी प्यायचं नाही. बेथेलचा म्हातारा संदेष्टा येऊन म्हणाला, "मलाही देवदूताने सांगितलं, चल घरी जेवायला." खोटं होतं. हा गेला, आणि वाटेत सिंहाने मारलं. तेव्हा ताई, भावाला बोलायला जरूर लावा, पण कुणाशी ते बघा.

आत्म्याने_चालतो
@हडपसरची, बहिणी, तुमच्यावर झालं ते चूक होतं, आणि माझ्यासारख्या भविष्यवाणीवर विश्वास ठेवणाऱ्याने ते आधी म्हटलं पाहिजे. १ थेस्सलनीका ५ मध्ये दोन गोष्टी शेजारी आहेत: संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सर्वांची पारख करा. पहिली घेऊन दुसरी सोडली की असं होतं. आमच्या मंडळीत पास्टरनी नियम केलाय की लग्न, नोकरी, पैसा याबद्दलची भविष्यवाणी कुणी थेट त्या व्यक्तीला सांगायची नाही, आधी वडिलांपुढे ठेवायची.

पण माझा मूळ मुद्दा उभाच आहे. बहुमत म्हणजे देवाची इच्छा नाही. अहाब राजापुढे सुमारे चारशे संदेष्टे एका सुरात "चढाई कर" म्हणाले. एकटा मीखाया वेगळं बोलला आणि तुरुंगात गेला. खरा तोच होता.

नगरची_लेक
@आत्म्याने_चालतो, मीखायाचं उदाहरण मला फार आवडलं, पण ते माझ्या बाजूने जातं असं वाटतं. चारशे जण बोलल्यावर अहाबासोबत बसलेल्या यहूदाच्या राजाने, यहोशाफाटाने विचारलं, "इथे परमेश्वराचा आणखी कोणी संदेष्टा नाही का?" त्या प्रश्नामुळे मीखायाला बोलावणं गेलं. न पटणारा आवाज मुद्दाम बोलावून ऐकायचा. माझा भाऊ तेच टाळतोय. जे हो म्हणतील त्यांनाच तो भेटतो.

रमाबाईंची_वाचक
पंडिता रमाबाईंचं उदाहरण अजून कुणी कसं दिलं नाही! १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकत आणि शिकवत होत्या, तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा आक्षेप भारतातल्या बिशपांनी घेतला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. त्यांच्यात आणि रमाबाईंमध्ये लांबलचक पत्रं गेली. त्रैक्य, येशूचं देवत्व, चर्चचा अधिकार, सगळ्यावर. रमाबाई तिशीच्याही आतल्या, परक्या देशात, पदरात लहान मनोरमा, आणि तरी त्यांनी ठामपणे कळवलं की माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणा धर्माधिकाऱ्याच्या हातात देणार नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की पटत नव्हतं तरी त्यांनी पत्रव्यवहार तोडला नाही. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनाही आपल्या शंका त्या मोकळेपणी लिहीत, आणि बील त्यांना घाई न करता उत्तरं देत. ज्या बाईने पुढे शारदा सदन उभं केलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणायला घेतलं, तिची देवाशी असलेली जवळीक या वादांत घडली. आज्ञा ऐकणं म्हणजे संवाद नव्हे. संवादात नाही म्हणायची मुभा लागते.

केडगाव_परिसर
मी लिहिणार होते तेच लिहिलंत. माझी आजी मुक्तीत वाढली. १९०५ मध्ये तिथे झालेल्या आत्मिक जागृतीच्या गोष्टी तिच्या आधीच्या बायकांनी तिला सांगितल्या होत्या. रमाबाईंनी मुलींना आधी गटागटाने रोज प्रार्थनेला बसवलं होतं, ती तयारी आधीपासून चालली होती.

नागपूरकर
मंडळीच्या पातळीवरचं एक उदाहरण. २९ नोव्हेंबर १९७० ला आमच्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सहा परंपरा एकत्र आल्या, त्यात बिशप मानणारे अँग्लिकन आणि बालकांना बाप्तिस्मा न देणारे बॅप्टिस्टही होते. बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. चाळीस वर्षं! "ते सर्व एक व्हावेत" ही प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ होती, देवाची इच्छा काय याबद्दल शंकाच नव्हती. वेळ लागला तो ती कशी पाळायची हे एकमेकांकडून समजून घ्यायला. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर शेवटी दोन्ही रीती मान्य केल्या. मेथॉडिस्टांचा मोठा गट मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिला. त्यांनीही प्रार्थना करूनच ठरवलं असणार. इतकी बोलणी होऊनही दोन प्रामाणिक उत्तरं निघू शकतात, हे मी मान्य करतो.

फिलाडेल्फियाहून
मूळची सोलापूरची, सध्या इथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेला जाते. त्यांच्याकडे एक सुंदर पद्धत आहे. कुणापुढे मोठा निर्णय असला की चार-पाच जणांची छोटी समिती त्याच्यासोबत बसते. पूर्वी लग्नाआधी दोघं मोकळी आहेत ना हे बघायला अशी समिती असायची, आता नोकरी, स्थलांतर, सेवा अशा सगळ्यासाठी बसते. नियम एकच, आणि तो पाळायला महाकठीण: सल्ला द्यायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचे, तेही खरे प्रश्न, ज्यांचं उत्तर विचारणाऱ्याच्या मनात आधीच तयार नाही असे. मध्ये शांतता. आपल्या मराठी माणसांना हे जमवायला किती त्रास होतो ते मी पाहिलंय, आपला प्रश्नच "असं का नाही करत?" या घाटाचा असतो :)

ताई, भावाला "माणसांना काय विचारायचं" वाटत असेल तर उलट करा. माणसांनी त्याला विचारू दे.

सोपारकर
@फिलाडेल्फियाहून, अगदी. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमच्या सिनॉडला तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी बिशपांना, सिस्टरांना, सामान्य स्त्री-पुरुषांना गोल टेबलांभोवती बसवलं, आणि स्त्रियांना पहिल्यांदाच मत दिलं. तिथेही हीच रीत होती. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपलं बोलायचं, कुणी उत्तर द्यायचं नाही. मग शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचा मुद्दा पुढे रेटायचा नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला लागलं ते सांगायचं. मग पुन्हा शांतता, आणि तिसऱ्या फेरीत सगळ्यांनी मिळून काय दिसतंय ते. आमच्या धर्मग्रामात लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत आम्ही हे करून पाहिलं. पाणंद आणि जमिनीच्या वादात दोन घरं बरीच वर्षं बोलत नव्हती, ती निदान एका खोलीत शेवटपर्यंत बसली.

पाळकाची_बायको
इतकं सगळं वाचलं. आता ज्या माणसाचं नाव या धाग्यात फक्त एकदा आलंय तिच्याबद्दल लिहिते. भावाची बायको.

ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना न सांगता घेतला. पुढची काही वर्षं ती बाई मुलाला घेऊन नवऱ्यापासून वेगळी राहिली, काय काय सोसलं तिने. नंतर ती स्वतः विश्वासात आली, तो प्रभूचा अनुग्रह. पण टिळकांचं पाचारण खरं होतं म्हणून तिचं सोसणं खोटं ठरत नाही.

आम्ही बदलीच्या गावांत संसार केलाय. पार्सनेजची (पाळकाच्या घराची) गळती, अर्धा पगार, दर चार-पाच वर्षांनी मुलांची शाळा नवी. हे सगळं मी आनंदाने केलं, कारण माझ्या नवऱ्याने मला विचारलं होतं. लग्नाआधी नव्हे, नोकरी सोडण्याआधी. म्हणाला होता, "मला असं वाटतंय. तू प्रार्थना कर आणि तुला काय वाटतं ते सांग. तू नाही म्हणालीस तर मी थांबेन." मी लगेच हो म्हटलं नाही. दोन महिने घेतले, रडले, भांडले, माहेरी जाऊन आले. मग एका रात्री मीच म्हटलं, निघूया. ते पाचारण तेव्हापासून माझंही झालं. म्हणून गळक्या छताखाली मी कधी म्हटलं नाही की तुझ्या देवाने आणलं इथे.

मरियेला देवदूत भेटला तरी ती उठून घाईघाईने आपल्या नातलग अलिशिबेकडे गेली ना? आणि अलिशिबेने ती काही सांगायच्या आत ओळखलं. मरियेचं स्तोत्र त्यानंतर आलं.

नगरची_लेक
@पाळकाची_बायको, वहिनीला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला नाही म्हणायचंच नाहीये. मला विचारायला हवं होतं."

आत्म्याने_चालतो
ताई, आता मी भावाला वेगळं सांगेन. नोकरी सोडण्याची घाई नको. पाचारण खरं असेल तर बायकोच्या प्रश्नाने ते जाणार नाही. पण तुम्हीही एक करा. बसाल तेव्हा त्याला समजवायला बसू नका. त्याने प्रार्थनेत काय ऐकलं ते आधी पूर्ण सांगू द्या. घरच्यांपैकी कुणी त्याला ते विचारलंय का?

नगरची_लेक
नाही. "किती पगार सोडतोयस" हे सगळ्यांनी विचारलं.

निवृत्त_पाळक
मग तिथूनच सुरुवात करा. आणि पौलाचा शेवटचा जेरुसलेमप्रवासही लक्षात असू द्या. अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून तिथे काय होणार ते दाखवलं, सगळ्यांनी रडून विनवलं, जाऊ नको. सगळी प्रेमाची माणसं, त्यांनी ऐकलेलंही खरं. तरी पौल गेला, आणि मंडळी "प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणून गप्प राहिली. बोलणं पूर्ण झाल्यावर जाणाऱ्याला जाऊ द्यायचं, हेही मंडळीला यावं लागतं.

नगरची_लेक
येत्या रविवारी उपासनेनंतर बसायचं ठरवतोय. भाऊ, वहिनी, पाळकसाहेब, मी, आणि भावाच्या बँकेतला एक मित्र, ज्याला हा निर्णय अजिबात पटलेला नाही. भाचीला बसवावं का? दहा वर्षांची आहे. आणि @सोपारकर, दोन फेऱ्यांच्या मध्ये शांतता किती वेळ ठेवता?

सोपारकर
बसवा. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी जे नियम घालून दिले त्यांत महत्त्वाच्या निर्णयाला सगळ्यांना बोलवा असं आहे, आणि कारण दिलंय की पुष्कळदा प्रभू अधिक चांगलं ते धाकट्याला प्रकट करतो. फक्त तिच्यावर उत्तराचा भार टाकू नका. तिला काय वाटतं एवढंच विचारा, आणि शक्यतो मोठ्यांच्या आधी, नाहीतर ती सगळ्यांची तोंडं बघून बोलेल.

शांतता आम्ही तीन-चार मिनिटं ठेवतो. घड्याळ एकाकडेच द्या. पहिल्यांदा ती फार लांब वाटते, कुणीतरी चहाचं विचारतं. चहा आधीच उरकून घ्या.

हडपसरची
आणि त्याच दिवशी निर्णय घ्यायचाच असं ठरवून बसू नका, ताई. पुढच्या बैठकीची तारीख आधीच ठरवा.

कोकणी_वाचक
गाऱ्हाण्याचा धागा काढलाय. काका, तिकडे या.